काळ्या दोऱ्याचा व्हॉल्व्ह

खरखर कुठून येते ते शोधायची एक रीत आहे. यंत्र चालूच ठेवायचं आणि पहिल्यापासून एकेक व्हॉल्व्ह, म्हणजे आतला काचेचा तापणारा दिवा, उपसत जायचं. पहिला काढला आणि खरखर थांबली, तर दोष पहिल्यात किंवा त्याच्याही आधी. नाही थांबली तर पुढं सरकायचं. ज्याला काढल्यावर भोंगा गप्प होतो, चोर तिथं आसपास. मग खोबणी पुसायची, कारण निम्म्या वेळा व्हॉल्व्हचा दोषच नसतो, धूळ असते. एवढं करून भागलं नाही तर त्या जागी चांगला व्हॉल्व्ह बसवायचा, त्याला तापू द्यायचं आणि कान देऊन ऐकायचं.

ही रीत मला दाजींनी शिकवली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. जालन्यात आज माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, ते या रीतीवर उभं आहे. गिऱ्हाईक म्हणतं, तुमचा कान मोठा तयार. मी मुळातच कमी बोलणारा. कानाचं कौतुक निघालं की तेवढंही बोलणं सुचत नाही. लोकांना तो विनय वाटतो.

तेव्हा निजामी होती. आमच्या शेठचा टॉकीजचा तंबू होता. सुगी आटोपली की तंबू गावोगाव फिरायचा, भोकरदन, जाफराबाद, तीर्थपुरी, मधेमधे जालन्याचा मुक्काम. पावसाळ्यात कनाती गुंडाळून जालन्याच्या गुदामात पडायच्या. तंबूच्या मागच्या अंगाला पत्र्याची केबिन, केबिनीत मशीन आणि मशीनवर दाजी. ऑपरेटर! आजच्या पोरांना या शब्दाचं काही वाटणार नाही. त्या वेळी दाजी भोकरदनच्या बाजारातून निघाले की हॉटेलवाला स्वतः उठून बाक पुसायचा. "बसा, ऑपरेटरसाहेब." मी मागं उभा. मला कोणी बस म्हणत नसे.

आई-वडील गेल्यावर आक्कानंच मला जालन्याला आपल्या घरी आणलं होतं आणि दाजींच्या मागं लागून तंबूत चिकटवलं होतं. बायकोच्या भावाला दाजींपुढं तोंड नसतं. आमच्याकडचा हा रिवाजच आहे. दाजी बोलले की खाली बघायचं, त्यांनी नुसतं इकडंतिकडं पाहिलं की तांब्या उचलायचा, आणि त्यांचं चुकलं तर ते चुकलंच नाही असं धरून चालायचं. मी विशी ओलांडली होती, मिसरूड चांगलं दाट झालं होतं, पण तंबूत माझी ओळख 'ऑपरेटरचा साळा' एवढीच.

पुढचं कळायला आवाजाचं थोडं सांगावं लागेल. फिल्मच्या काठाला आवाजाची एक बारीक पट्टी असते. तिच्यातून उजेड जाऊन जो आवाज उठतो, तो आधी मुंगीएवढा असतो. मशीनला टेकून एक छोटी पेटी होती. ती त्या मुंगीला जरा अंगानं भरायची आणि मोठ्या पेटीकडं धाडायची. मोठ्या पेटीतून तो भोंग्यात जायचा आणि तंबूभर व्हायचा. म्हणून छोट्या पेटीतला पहिला व्हॉल्व्ह फार निवडून घ्यावा लागतो. तिथं तीळभर खरखर झाली तरी भोंग्यातून बाहेर पडेपर्यंत तिची कढईतली मोहरी होते.

लढाईचे दिवस होते. नवे व्हॉल्व्ह मुंबईहून यायचे, आले तर, आणि आले तरी करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर अडकून पडायचे. त्यामुळं दाजी जुना व्हॉल्व्ह फेकत नसत. छोट्या पेटीत खरखरणारा व्हॉल्व्ह मोठ्या पेटीत पुष्कळदा चालून जातो. तिथवर आवाजच एवढा मोठा झालेला असतो की त्याची कुरकुर कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा व्हॉल्व्हच्या बुडाला दाजी काळा दोरा बांधायचे आणि कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. दोरेवाला पहिल्या जागी घालायचा नाही. "आंधळ्याला सुद्धा हाताला लागून कळलं पायजे," म्हणायचे.

दाजींच्या तोंडात सदा कडुलिंबाची काडी. सकाळी दात घासायला घेतलेली ती दिवेलागणीच्या खेळापर्यंत तोंडात असायची.

"दाजी, दिवसभर कडू लागत न्हाई का?" मी एकदा विचारलं.

"सासुरवाडीपेक्षा कमीच लागती," ते म्हणाले आणि मशीनमागं वाकले.

तीर्थपुरीच्या मुक्कामात, एका दुपारी, रिकाम्या तंबूत मी त्यांना मागून हाक मारली. पुन्हा मारली. पार ओरडलो. ते हलले नाहीत. घाबरून पुढं जाऊन पाहिलं, तर डोळे मिटलेले, काडीचं एक टोक दातात आणि दुसरं केबिनीतल्या छोट्या भोंग्याच्या लाकडी पेटीला टेकलेलं. केबिनीत आवाज कळावा म्हणून हा भोंगा असतो. माझी सावली पडली तसे त्यांनी डोळे उघडले.

"काय करून राह्यले, दाजी?"

"ऐकून राह्यलो." काडी काढून त्यांनी तिचं टोक पाहिलं. "आता बघितलंस तर बस खाली. ल्हानपणी कान फुटले माझे. मंग वाहात राह्यले. समोरून बोललास तर ओठावरून कळतं, मागून बोललास तर काय न्हाई. पण दाताला कळतं. काडीतून बराबर वर चढतं. खरखर कशी, गुरगुर कशी, समदं."

"शेठला ठाऊक हाय?"

"येडा का काय? शेठला कळालं तर दुसऱ्या दिशी घरी. तुझ्या आक्काला ठाव हाय. आता तुला. तिच्या कुंकवाला जपशील तसं हे जप."

तेव्हा मला कळलं की मला तंबूत का घेतलं. आक्काच्या विनवणीनं नव्हे. खेळाच्या आधी दाजी काडीनं पारखून घेत, पण खेळ चालू झाला की त्यांचे दोन्ही हात मशीनवर आणि दिव्याच्या कार्बन-कांड्यांवर असत. तेव्हा ऐकणार कोण? मी. त्यांनी ठरवून दिलं. मी त्यांच्या मागं उभं राहायचं. खरखर आली तर खांद्यावर एकदा हात ठेवायचा, आवाज पडला तर दोनदा. हात पडला की ते मागं न बघता छोट्या पेटीकडं वळत, फडक्यानं व्हॉल्व्ह हलवत, बदलत, पुन्हा मशीनवर. बघणाऱ्याला वाटावं, काय कान आहे या माणसाचा!

मी त्यांचा कान झालो. हात मात्र त्यांनी मला कधी होऊ दिलं नाही. कितीदा म्हटलं, दाजी, एक रीळ मला चढवू द्या. "तुझ्या हाताला घाई हाय, मेव्हणे," ते म्हणायचे. "कान चांगला हाय तुझा. कानच दे."

जाफराबादला एका खेळात त्यांनी मला चहा सांगायला पाठवलं. मी बाहेर असताना फिल्मची भोकं फाटली. फाटताना ती टकटक वाजते. कोणालाही ऐकू येतं. दाजींना नाही आलं. फिल्म अडकली, दिव्यापुढं करपली, पडद्यावर जळता डाग पसरला. मी चहाची किटली घेऊन पळत आलो तो शेठ केबिनीत.

"किसका हात लगा? कोणाचं काम हे?"

दाजींनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मेव्हण्याचा हात लागला, शेठ."

शेठनं माझ्या मुस्काटात दिली. केबिनीचं दार उघडं होतं, मागच्या रांगा वळून बघत होत्या. कोणीतरी म्हणालं, "साळ्याला आहेर झाला." तंबू हसला. मी दाजींकडं पाहिलं. ते फिल्म जोडत होते.

नंतर ते माझ्यासाठी कांद्याची भजी घेऊन आले. "गिळून टाक," म्हणाले. "माझं नाव झालं असतं तर तो कानापोतर पोचला असता. तुझं काय, साळा हायस. घरातलं घरात ऱ्हातं."

ती भजी मी खाल्ली, हेही सांगितलं पाहिजे. पण त्या दिवसापासून खांद्यावर हात ठेवताना माझा हात जड व्हायला लागला.

पुढच्या मुक्कामाला भोकरदन. केळणा नदीच्या काठाला तंबू लागला. त्या दिवशी तहसिलीतली मंडळी खेळाला येणार होती. मुक्काम वाढवायची इजाजत त्यांच्या हातात. शेठ सकाळपासून दाजींच्या मागं. दाजींनी दुपारी पेटी उघडून पुसली, काडी दातात धरून एकेक व्हॉल्व्ह पारखला. पहिल्या जागचा तर मुंबईहून आलेला, जवळजवळ नवा. "घुंगराच्या आतली हवा सुद्धा वाजती यात," म्हणाले. खूश होते.

इथून पुढचं मी माझ्या बायकोला पूर्वी एकदा सांगितलं आहे. सांगितलं ते असं: खेळात व्हॉल्व्ह बिघडला, खरखर सुरू झाली, आणि जाफराबादचा राग मनात असल्यामुळं मी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला नाही. बायको म्हणाली, "एवढंच ना? पोरवयात होतं माणसाकडून." मला बरं वाटलं. ते बरं वाटणं खोटं होतं, कारण व्हॉल्व्ह बिघडला नव्हता. मी तो बदलला होता.

एकच मशीन असल्यामुळं प्रत्येक रीळ संपलं की खेळ थांबायचा. उजेड लागायचा, फुटाणेवाले आत शिरायचे, दाजी खाली वाकून नवं रीळ चढवायचे आणि कांड्या साफ करायचे. त्यांची पाठ छोट्या पेटीकडं. दुपारीच मी डब्यातून काळ्या दोऱ्याचा एक व्हॉल्व्ह काढून ठेवला होता. मला तो पक्का ठाऊक होता. गार असताना गरीब, तापला की तडतडायला लागायचा. दोरा मी दातानं तोडला. उजेड लागला तसं मी बटण फिरवून आवाज बंद केला, म्हणजे व्हॉल्व्ह उपसताना भोंग्यात धप्प होऊ नये. हेही त्यांनीच शिकवलेलं. नवा व्हॉल्व्ह उपसायला फडकं हवं होतं आणि फडकं दाजींच्या खांद्यावर. मागायची सोय नव्हती. मी तसाच, नुसत्या बोटांनी धरला. कातडी काचेला चिकटली. ओरडलो नाही, आणि ओरडलो असतो तरी कोणाला ऐकू जाणार होतं, हा विचार त्याही क्षणी आला होता. चांगला व्हॉल्व्ह खिशात, खराब खोबणीत, बटण पुन्हा जागेवर.

रीळ सुरू झालं. थोडा वेळ सगळं ठीक. मग एक तडक. मग दोन. मग मोहरी.

मी दाजींच्या मागं उभा होतो. त्यांचा खांदा माझ्या हातापासून वीतभरावर.

भोंग्यातून बोलणं ऐकू येईनासं झालं. लोक ओरडायला लागले. "आवाज! आवाज!" "ओ मशीनवाले, फोडणी देऊन राह्यले का?" "अरे, झोपला का ऑपरेटर!" रांगाच्या रांगा केबिनीकडं वळल्या. पडद्यावर त्या वेळी एक जाडा नट घसरून पडत होता, उठत होता, पुन्हा पडत होता. दाजींनी केबिनीच्या भोकातून बाहेर पाहिलं. त्यांना काय दिसलं असेल? पडद्याच्या उजेडात उघडी तोंडं, हलणारे हात. ते हसले. मागं वळून माझ्याकडं पाहून त्यांनी भुवया उडवल्या, लोक खूश आहेत ना, अशा अर्थानं.

मी मान हलवली. हो.

या लिखाणात मला जे सांगायचं होतं ते बहुतेक हेच. व्हॉल्व्ह बदलला तेव्हा माझ्यात राग होता, रागाला निदान कारण होतं. मान हलवली तेव्हा राग नव्हता. मजा वाटली होती.

शेठ दार ढकलून आत आले. "ऑपरेटर!" दाजी कांडी पुढं सारत होते. "अहो, बहिरे झाला का?" शेठ रागानं म्हणाले. ते नुसते शब्द होते, त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. पण दाजी वळले नाहीत तसे ते थबकले आणि माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या कानाला बोट लावलं आणि हात हलवला. नाही. त्यांना येत नाही.

शेठना पटलं नसावं. ते पुढं झाले आणि त्यांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. एकदा.

दाजी मागं न बघताच छोट्या पेटीकडं वळले. "आली व्हय खरखर?" ते म्हणाले. "बराबर सांगितलंस. मला वाटलंच, नवं रीळ हाय."

मग त्यांनी पाहिलं की हात माझा नाही.

शेठ त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं वळले. मला म्हणाले, "तुला येतं? कर जल्दी." मी पेटीकडं वळलो तसं दाजींनी आपल्या खांद्यावरचं फडकं काढून माझ्या हातात दिलं. "फडकं घे," म्हणाले. "पोळंल."

मी फडक्यानं खराब व्हॉल्व्ह काढला. पाठ फिरवून, डब्यातून घेतल्यासारखं करून, खिशातला चांगला व्हॉल्व्ह बसवला. तापला, आणि आवाज आरशासारखा स्वच्छ झाला. तंबूनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला होत्या. दाजी कोपऱ्यात उभे राहून माझ्याकडं बघत होते. टाळ्या त्यांना दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपलं सामान बांधलं. सामान म्हणजे एक वळकटी आणि पेचकस. डबा तंबूचा होता. तरी जाण्याआधी त्यांनी तो उघडला, मी काढून टाकलेला व्हॉल्व्ह कापसावर नुसताच पडला होता तो उचलला, आणि त्याच्या बुडाला काळा दोरा बांधायला घेतला. बांधताना तो उजेडाला धरून किती तरी वेळ फिरवत होते. मला वाटलं, हात निघत नाही म्हणून.

त्यांना पोचवायला मीही गेलो. जालन्याला घरी जेवायला बसलो तर मला भाकरी मोडता येईना. आक्कानं हात ओढला.

"बोटं कशानं पोळली रे?"

"वाल गरम होता." व्हॉल्व्हला आम्ही बोलताना वालच म्हणायचो.

दाजी समोर बसले होते, माझ्या तोंडाकडं बघत. "फडकं दिलं होतं की मी," ते म्हणाले.

"त्याच्या आधीच हात लागला, दाजी."

"बरं." त्यांनी कालवणात भाकरी कुस्करली. आक्का माझ्या बोटांना तूप लावत होती. लावता लावता मधेच थांबली, मग पुन्हा लावायला लागली.

मी ऑपरेटर झालो. हॉटेलवाला आता माझ्यासाठी बाक पुसायचा. ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते फार टिकलं नाही. राज्य जायच्या वर्षी चहूकडं गडबड झाली, रात्री माणसं घराबाहेर पडेनात, आणि शेठनं तंबू विकला. दाजींना तोवर जिनिंगमध्ये कामाला लागून बरेच दिवस झाले होते. सरकी काढणाऱ्या यंत्रांवर कापूस टाकायचा. तिथल्या आवाजात सगळेच बहिरे, एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. दाजी तिथं इतरांपेक्षा हुशार ठरले. ही गोष्ट ते हसून सांगायचे. छातीत कापूस बसला तो मात्र निघाला नाही.

मी वेगळं घर केलं, लग्न झालं, राज्य बदलल्यावर दुकान टाकलं. दर भाऊबीजेला आक्काकडं जायचो. ओवाळून झालं, जेवणं झाली की दाजी पाट सरकवून माझ्यासमोर बसायचे आणि विचारायचे, "त्या दिशी कोणता वाल गेल्ता रे?"

"पहिला, दाजी. अचानक गेला."

"पण खेळाआधी मी पारखला होता. दातानं. साफ होता."

"वालचं काय, केव्हाही जातो."

"हां. केव्हाही जातो."

दर वर्षी हेच. मला वाटायचं, बिचाऱ्याचा आपल्या दातांवरचा भरवसा उडालाय. त्यांनी काडी सोडली होती. उतारवयात आक्काला विचारायचे, आगगाडी गेली का, पोरगं रडतंय का. मी बघायचो आणि मला अपराधी वाटायचं. पण ते अपराधी वाटणं सुद्धा सोयीचं होतं. एका बहिऱ्या माणसाची कीव करत, त्याला फसवलं याचं वाईट वाटून घेत, मी आक्काच्या हातची शेवयांची खीर खायचो. त्यांचे डोळे त्या वेळी माझ्या ओठांवर असत. त्यांना कळावं म्हणून मी ते वाक्य सावकाश, नीट तोंड उघडून बोलायचो. पहिला. दाजी. अचानक गेला.

दाजी खोकत खोकत गेले. सुतकाचं वर्ष सरल्यावर भाऊबीजेला आक्काचा निरोप आला. विधवेनं ओवाळू नये म्हणणाऱ्या शेजारणी होत्याच. आक्का त्यांना म्हणाली, "नवरा मेलाय माझा, भाऊ न्हाई मेला." तिनं पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली, तबकात निरांजन लावलं. मी टोपी घालून बसलो. तबक हातात घेऊन ती उभी राहिली आणि म्हणाली,

"त्या दिशी कोणता वाल गेल्ता रे?"

आक्कानं हा प्रश्न कधीच विचारला नव्हता. घरात कोणी नव्हतं. ती काही बहिरी नव्हती, मी पुटपुटलो असतो तरी तिला ऐकू आलं असतं. आणि माझ्या तोंडातून, मी ठरवायच्या आत, सावकाश, नीट, बाहेर पडलं, "पहिला, आक्का. अचानक गेला."

तिनं तबक जरा खाली घेतलं.

"बोटं मी पाहिली होती," ती म्हणाली. "आणि दोऱ्याचा वळ ह्यांनी. वालच्या बुडावर कांड्यांची राख बसलेली, आणि दोरा होता तेवढी रेघ साफ. डब्यातला वाल पेटीत कसा गेला, एवढं न्हाई कळणार ह्यांना? त्याच दिशी आम्ही दोघं बोललो."

"मंग दाजी दर वर्षी…"

"तू सांगशील म्हणून. मी म्हणायची, कशाला विचारता, तो काय सांगत न्हाई. तर म्हणायचे, यंदा सांगंल. जाफराबादला मी त्याचं नाव घेतलं, ते त्याला लागलंय. त्यानं त्याचं सांगितलं की मी माझं सांगीन, मंग फिटलं. आधी थोरल्यानं कसं सांगायचं, एवढंच त्यांचं अडलं होतं." तिनं तबक खाली ठेवलं. "शेवटच्या दिवाळीला तू गेल्यावर म्हणाले, याचे ओठ बघून बघून डोळे दुखले माझे."

तिनं मला ओवाळलं नाही. निरांजन पाटासमोर तसंच ठेवून ती आत गेली. मी पाटावर बसून राहिलो. आत तिनं खिरीचं पातेलं उतरवल्याचा आवाज आला, चुलीवर पाणी मारल्याचा आला, पुढं कुठलाच आला नाही. ओवाळून होईपर्यंत भावानं पाटावरून उठू नये म्हणतात. तुपाची वात तडतडून विझली तेव्हा मी उठलो.

त्यानंतर मी तिच्याकडं गेलेलो नाही. तिचाही निरोप आला नाही. हे सगळं लिहून काढलं, आणि लिहिताना मला वाटत होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. सोपं का गेलं हेही मला ठाऊक आहे. आक्काला वाचता येत नाही. तिला सांगायचं तर समोर बसून तोंडानंच सांगावं लागेल. त्यासाठी आज सकाळी निघालो होतो. तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. ती दारात तांदूळ निवडत बसली होती, मान वर करून कोणाशी तरी बोलली. तिचा शब्द न् शब्द मला तिथवर स्वच्छ ऐकू आला. मी वळून दुकानात आलो. एक रेडिओ दुरुस्तीला आला होता, खरखर होती. पहिला व्हॉल्व्ह काढला, थांबली.